क्रूझर कॅन्सल

आमच्या मावळात क्रूझर म्हणजे गाडी. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मधे चौघं, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मावतील तेवढी, आणि टपावर सामान. वऱ्हाड न्यायचंय, क्रूझर सांगा. दहाव्याला जायचंय, क्रूझर सांगा. कान्ह्यात एखाद्या घरी लग्न ठरलं की दुसऱ्या दिवशी लोक विचारतात, "क्रूझर किती सांगितल्या?" त्या आकड्यावरून लग्न केवढं ते कळतं. क्रूझर नावाची लढाऊ जहाजंही असतात हे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं तेही पोटापाण्याच्या कामामुळे.

माझं काम लोकांना समजावून सांगायला अवघड आहे. मी कंप्युटरवर जहाजं बांधते. परदेशातली एक कंपनी लढाऊ जहाजांचा गेम चालवते. तिचं थोडं काम पुण्यातल्या एका ऑफिसात येतं आणि त्यातलं थोडं माझ्याकडे, कान्ह्याच्या घरी, स्टेशनापासून दहा मिनिटांवर. तोफा, शिड्या, कठडे, नांगर, होड्या, सगळं एकेक करून उभं करायचं आणि मग त्यावर रंग चढवायचा. खेळणारे ती जहाजं घेऊन एकमेकांवर तोफा डागतात. मी स्वतः खेळत नाही. दोनदा खेळले, दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत बुडाले. गावात कुणी विचारलं तर "कंप्युटरचं काम" एवढंच सांगते. गेम म्हटलं की लोक आपल्या पोरांच्या मोबाइलबद्दल गाऱ्हाणी सांगायला लागतात आणि मला राग येतो. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. आबा तरुणपणी मुंबईला बंदरावर एका ठेकेदाराकडे होते. जहाजाच्या बॉयलरच्या आत शिरायचं आणि साचलेला क्षाराचा थर हातोडीनं झोडून काढायचा, हे काम. लोखंडी पिंपात आपण बसावं आणि बाहेरून कुणी दांडक्यानं बडवावं, तसा तो आवाज असतो म्हणतात. सात वर्षांत कान गेले. अगदी ठार नाही, पण उजवा जवळजवळ बंद आणि डावा अर्धा. मग ते गावी आले आणि कामशेतला गेट-ग्रिलचं दुकान टाकलं. तुंगार्लीच्या बंगल्यांची कितीतरी गेटं आबांच्या हातची आहेत. आता दुकान बंद आहे आणि वेल्डिंगचं मशीन पडवीत गोणपाटाखाली आहे. नजर मात्र तशीच राहिली. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी दाराची चौकट गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आहे का ते बघणार, आणि नसली तर तोंडावर सांगणार.

आबांना सोयीचं तेवढं ऐकू येतं, असं आई म्हणायची. दळण आणा म्हटलं की ऐकू यायचं नाही. पलीकडच्या घरात कुणी कुणाला चहाला बोलावलं की बरोबर यायचं. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

दोन वर्षांपूर्वी मला एक क्रूझर बांधायला मिळाली. जहाजवाली. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात आखलेली, फिरत्या बुरुजांत तीन-तीन अशा नऊ मोठ्या तोफा, धुराच्या दोन चिमण्या. एरवी जहाज मिळालं की त्याचे फोटो येतात, अगदी डेकवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. या क्रूझरचा फोटो नव्हता, कारण ती कधी झालीच नाही. नकाशे निघाले, मापं ठरली, पण युद्धाच्या रेट्यात दुसरी, लहान जहाजं जास्त निकडीची निघाली. एवढ्या मोठ्या जहाजाला घालायला ना लोखंड होतं, ना माणसं, ना वेळ. रद्द. एक पत्रासुद्धा कापला गेला नाही. माझ्यापर्यंत आले ते दोन जुन्या कागदांचे स्कॅन. एकावर जहाज बाजूनं काढलेलं, दुसऱ्यावर वरून, आणि दोन्हींवर मधे घडीची जाड रेघ.

खरी जहाजं संपत आली की गेमवाले अशी कागदावरची उकरून काढतात. गंमत म्हणजे गेममध्ये ती खऱ्यांपेक्षा चांगली पळतात. खऱ्या जहाजाचं सगळं लिहून ठेवलेलं असतं, वेग कुठे कमी पडला, यंत्र कधी बिघडलं, तोफ कुठल्या लढाईत अडकली. रद्द झालेल्या जहाजाचं नुसतं ठरलेलं असतं. जो वेग ठरला तोच त्याचा वेग. तोफा कधी अडकल्या नाहीत, कारण कधी झाडल्याच नाहीत.

आबांना मी ते स्क्रीनवर फिरवून दाखवलं.

"कुटलं म्हनायचं हे?"

"इंग्रजांचं. पर झालंच न्हाई, रद्द केलं," मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडले. घरात मीही त्यांच्यासारखीच बोलते.

"मंग पळतंय कसं?"

"कागदावर लिवलंय तेवढं पळतंय."

"कागदावर समदीच पळत्यात." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. "हिच्यावर माणसं कुटं हायत?"

"गेममधी माणसं दाखवत न्हाईत, आबा. नुसतं जहाज."

हे त्यांना काही पटलं नाही. एवढं मोठं जहाज आणि वर एक माणूस नाही, म्हणजे सगळे पळून गेल्यासारखं दिसतंय, म्हणाले. मग उठता उठता बोलले, "मागची चिमणी वाकडी हाय."

मी चिडले. तीन आठवडे त्या जहाजापुढे मान मोडून बसले होते. पुढची चिमणी आणि मागची चिमणी एकाच मापानं मागे झुकलेली, नकाशावर बोट ठेवून काढलेली. ते बाहेर गेल्यावर मी गुपचूप कोन मोजला. मागची अर्ध्या अंशानं जास्त कलली होती. कागदाची घडी नेमकी तिथून गेली होती आणि मी त्या घडीसकट चिमणी उभी केली होती. पुण्याला कळवलं, दुरुस्त करू का विचारलं. तिकडून उत्तर आलं, मूळ नकाशाप्रमाणे आहे, हात लावू नका. आबांना मी हे सांगितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही, फक्त माझ्या खोलीत आले की स्क्रीनकडे बघून मान थोडी तिरकी करायचे.

मग आली गंजाची भानगड. गेम कंपनीत जहाजं तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, जहाज फार नवंकोरं दिसतं, समुद्रात सहा महिने काढल्यासारखं दिसायला हवं. आता जे जहाज पाण्यातच उतरलं नाही त्याला गंज कुठून आणायचा? मी जेवताना वैतागून हे आबांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "त्यात काय? चल, दावतो."

तीन दिवस आम्ही गंज बघत हिंडलो. आबा पुढे आणि मी मोबाइल घेऊन मागे. आमच्या न्हाणीघराचं पत्र्याचं दार, शेजारच्या मावशींच्या गोठ्याचा पत्रा, बेडशाला आत्याच्या घरामागचं पाण्याचं टाकं. आबा बोट ठेवून सांगायचे आणि मी फोटो काढायचे.

"गंज वरनं खाली उतरतो, आडवा पळत न्हाई. पानी जितं थांबतं तितनं सुरुवात. ह्यो खिळा बघ, ह्याच्या खाली कशी येकच रेघ आलीया. जहाजाचा नांगर जितनं भाईर येतो ना, तितं अशीच आसती. लय बघितल्यात म्या."

तो गंज मी उचलून जहाजावर चढवला. नांगराच्या भोकाखाली न्हाणीघराच्या दाराचा, पाणी निघायच्या नळ्यांखाली गोठ्याचा, बुरुजांच्या बुडाशी टाक्याचा. तपासणाऱ्याचा शेरा आला, एकदम खरा वाटतो. मला एवढा आनंद झाला की मी आबांना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "आयकलं मगाशी."

याच दिवसांत माझं लग्न ठरलं. मुलगा लोणावळ्याचा, एका रिसॉर्टमध्ये मॅनेजर. शांत, नीटनेटका, व्यसन नाही. तिशी ओलांडलेल्या मुलीला लोक जे बोलतात ते मलाही बोलत होते, पण त्यामुळे मी हो म्हटलं असं नाही. मला तो बरा वाटला होता. लोणावळ्याच्या विहारात लग्न, दुपारी बारा म्हणजे बारा, पांढरी साडी, मग जेवण. आबांनी कामशेतच्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे तीन क्रूझर सांगितल्या. एक कान्ह्याची, एक बेडशाची आणि एक उरलेल्यांची. गावाच्या हिशेबात तीन म्हणजे मध्यम लग्न. आबांनी घराच्या गेटला रंगही दिला.

तारीख पक्की करायला तो आणि त्याची आई आमच्याकडे आले होते. तो आबांबरोबर पडवीत बसला. त्याची आई माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. मी चहा गाळत होते. ती दाराला टेकून, पडवीकडे तोंड करून उभी होती. आवाज अगदी हळू, चेहरा हसरा.

"एक सांगायचं होतं. लग्नानंतर ते गेमचं काम मात्र बंद कर हं. आमच्यात ते बरं दिसत नाही. मीच नाही म्हणत, त्यानंच सांगायला सांगितलंय."

मी मान हलवली. हो म्हणून. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, चिमणीवरून आबांशी भांडणारी मी, मान हलवून चहाचा ट्रे उचलला. माझा राग असा आहे. लहान गोष्टींना धावून जातो आणि मोठी गोष्ट समोर आली की कुठे तोंड लपवतो कळत नाही. नंतर फोनवर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बघू गं नंतर. एवढं मनावर घेऊ नकोस." बघू या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. आबांना मी काहीच सांगितलं नाही. गेटचा रंग अजून ओला होता.

लग्नाला महिना उरला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. घरात रेंज नसते म्हणून मी पडवीत आले. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे मावशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मावशी मनाच्या चांगल्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गेम कंपनीत जहाजं तपासायला कुणी नवीन माणूस आला होता आणि तो तिसऱ्यांदा त्या जहाजाचे खरे फोटो मागत होता. मी भडकले.

"अहो सर, किती वेळा सांगू, क्रूझर कॅन्सल झाली! हो, सगळं ठरलेलं होतं. कागदोपत्री सगळं तयार होतं. मग ऐन वेळी रद्द. नाही, फोटो एकही नाही. झालंच नाही तर फोटो कुठून येणार? कारण काय, नाकापेक्षा मोती जड. एवढा घाट घालून हाती काय लागणार होतं? छे, वाईट कसलं वाटायचं? कागदावर होती तेच बरं."

फोन ठेवला तेव्हा मावशींचा हात सुपात तसाच थांबलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघून चक्‌ असा आवाज केला. मला वाटलं तांदळात खडे जास्त निघाले असतील. मी आत जाऊन कामाला लागले.

अकराच्या सुमाराला आबा काही न बोलता बाहेर पडले. दुपारी आळीतल्या दोघी बायका आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खाल्लंस का काय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "जे व्हतं ते चांगल्यासाटीच व्हतं बाय." मी हो हो म्हटलं. मग मावशी ताटावर ताट झाकून पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि तेव्हा मात्र मी घाबरले. आमच्याकडे शेजारून शिजलेलं पिठलं येतं ते घरात कुणी गेलं तर. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. मी बेडशाला आत्याला फोन लावला. आत्या ठणठणीत होती. चुलत भावाला लावला, तोही कामावर होता. आबा मात्र घरात नव्हते आणि फोन उचलत नव्हते. त्यांचा फोन कधीच ऐकू येत नाही, तरी मी अकरा वेळा लावला.

पाचच्या लोकलनं आबा आले. नळावर पाय धुतले, पडवीत बसले.

"सांगून आलो. तिन्ही बंद."

"काय तिन्ही?"

"क्रूझर. त्यो म्हनला, आबा, दुसरी तारीख धरू का? म्या म्हनलं, नगं."

"आबा, आपल्या लग्नाच्या क्रूझर बंद करून आलात? कशापायी?"

"तूच केल्यास न्हवं?" त्यांनी भिंतीपलीकडे मान उडवली. "सकाळी फोनवर बोललीस म्हनं. मावशी समद्यांना सांगत व्हती."

मला आधी काही कळलं नाही आणि मग सगळं एकदम कळलं, पिठल्यासकट. मी हसायला लागले. हसत हसत त्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं की ती क्रूझर म्हणजे जहाज, आपलं चिमणीवालं, ते ऐंशी वर्षांपूर्वी रद्द झालं, मी साहेबांशी त्याबद्दल बोलत होते, लग्नाचा काही संबंध नाही. मावशींना आता बघतेच, असंही म्हणाले. आबा हसले नाहीत. माझं हसू ओसरलं तेव्हा मला दुसरीच गोष्ट टोचायला लागली.

"आबा, लगीन मोडलं म्हणून आयकलं तुमी. आन् मला येका शब्दानं इचारलं न्हाई?"

"काय इचारायचं?"

"कशापायी मोडलं ते!"

"ते म्हाईत व्हतं मला."

त्यांनी टॉवेलनं पाय पुसले, एकेक बोट.

"त्या दिशी ती बाई दारात हुबी राहून बोलली ना तुला. काम बंद कर म्हनली. पोरानंच सांगाया लावलंय म्हनली. तू मान हालवली."

"तुमी तर पडवीत व्हता. तुमाला आयकू कसं गेलं?"

"आयकू न्हाई गेलं. दिसलं."

बॉयलरच्या आत कुणाला काही ऐकू येत नाही, आबा म्हणाले. तिथे माणसं ओठांवरून बोलतात. वर हो, खाली बघ, थांब, पाणी सोडू नको, सगळं ओठांवर. चुकलं तर माणूस भाजतो, म्हणून लवकर शिकतो. सात वर्षं त्यांनी तेच केलं होतं. तीस वर्षं या माणसाच्या डाव्या कानात मी ओरडत होते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आई दळणाचं बोलायची तेव्हा ते नुसते दुसरीकडे बघत असणार.

"मंग मला बोलला का न्हाई तवाच?"

"तू मान हालवलीस. म्या म्हनलं, पोरीला चालत आसंल, आपुन कशाला मधी पडा. आज कळलं की चालत न्हाई, तवा कामशेतला गेलो." त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. "येताना लय हलकं वाटलं बघ मला."

मला रडू फुटलं. तीन आठवडे जे मी घशाखाली दाबून ठेवलं होतं ते या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तो गेटला रंग देत होता. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. पिठलं गरम करून आणलं. जेवताना आबांनी विचारलं, "जहाज रद्द झालं म्हनतीस. मंग लगीन हाय का न्हाई?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तारीख विचारली, साडी विचारली, क्रूझर किती ते विचारलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि आता मला माहीत होतं ते काय बघतात. मी ओठ मिटून घेतले. "उद्या सांगते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी लोकलनं लोणावळ्याला गेले. आमच्या भागात समुद्र नाही, पण लोणावळ्यात नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथे शिकणारी पोरं रविवारी पांढऱ्या कपड्यांत बाजारात चिक्की घेताना दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला थांबवून चिमणीबद्दल विचारावं असं मला नेहमी वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. तुंगार्लीच्या तळ्याकडे चालत गेले. वाटेत आबांची गेटं लागत होती. काहींना नवे रंग दिलेत, पण कडी बसवायची पद्धत त्यांचीच, ओळखू येते.

त्याला मी फोन करून बोलावलं होतं, तो तळ्यावर आला. त्याच्या घरी अजून काहीच पोचलं नव्हतं. मी सरळ विचारलं, तुमच्या आईनं जे सांगितलं ते तुम्ही सांगायला लावलं होतं का. तो लपवाछपवी करणारा नव्हता.

"हो. तुला वाईट वाटू नये म्हणून आईकडून सांगितलं."

"मला वाईट वाटलं."

"अगं, पण लग्नानंतर वेळ तरी कुठे मिळणार तुला? आणि लोकांना सांगायचं काय, बायको गेम बनवते?"

मी मोबाइलवर त्याला जहाज दाखवलं. का दाखवलं ते अजूनही नीट सांगता येत नाही. कदाचित मला त्यानं ते बघायला हवं होतं. त्यानं खरंच नीट बघितलं, दोन बोटांनी मोठं करून.

"छान केलंयस. हे खरं जहाज आहे?"

"नाही. बांधलंच नाही कधी."

"मग एवढं बारीक कशाला केलंस?"

त्यानं ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता, आणि तो त्याला आयुष्यभर पडत राहणार हे मला दिसलं. मला नेहमीचा राग आला असता तर सोपं गेलं असतं. आला नाही. मी म्हटलं, "मला हे काम सोडायचं नाही. तुम्हाला ते नकोय. मग लग्न नको."

त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. "घरी काय सांगू?"

"मुलीनं नाही म्हटलं, असं सांगा. खरंच आहे ते."

मला स्टेशनपर्यंत सोडायला आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गाडीत मी कान्ह्यापर्यंत रडले. लग्न मोडल्याचं वाईट वाटत होतंच, खोटं कशाला सांगू. पांढरी साडी कपाटात घडी करून ठेवलेली होती.

आबा पडवीत बसले होते. मी रंगवलेल्या गेटाशीच थांबले. पलीकडे मावशी सूप घेऊन होत्याच. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवले: न्हाई. आबांनी मान हलवली, उठले आणि आत चहा ठेवायला गेले. मावशींना पत्ता लागला नाही. लागला तो दोन दिवसांनी, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, मी तर आधीच सांगत होते.

सहा महिन्यांनी ती क्रूझर गेममध्ये आली. कुणा अनोळखी माणसानं तिची एक लढाई इंटरनेटवर टाकली होती, ती मी दुपारी आबांना लावून दिली. मावशींनाही बोलावलं. हीच ती क्रूझर म्हणून त्यांना एकदा दाखवायचीच होती. जहाज ठरलेल्या वेगानं लाटा कापत चाललं होतं, नऊच्या नऊ तोफा चालत होत्या, आणि नांगराखाली आमच्या न्हाणीघराच्या दाराचा गंज स्वच्छ दिसत होता. आबांनी त्यावर बोट ठेवलं.

मावशींनी डोळे बारीक करून बघितलं. "हिच्यात माणसं किती बसत्यात?"

"आठ-नऊशे तरी," मी म्हटलं.

"मंग तीन कशाला सांगितल्यात? येकच बास झाली आसती."

मी एवढी हसले की ठसका लागला. मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी हळूच आबांकडे मोहरा वळवला. "ते ऱ्हाऊ द्या भाऊ, पर पोरीच्या लग्नाचं आता काय?"

आबा स्क्रीनकडे बघत होते.

"भाऊ, म्या इचारते, पोरीच्या लग्नाचं काय?" मावशी या वेळी चांगल्या खणखणीत आवाजात बोलल्या, अगदी त्यांच्या डाव्या कानाशी.

आबांनी मान वळवली नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"मागची चिमणी अजून वाकडीच हाय," ते मला म्हणाले.